कान मुलाचे, घाई कुणाची?

कराडच्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यातला गाभा असा:

'मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. कान खूप बाहेर आलेले आहेत. वर्गात त्याला "सुपकान्या" म्हणतात. एक सर गमतीने कान ओढतात. हल्ली तो टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. सासूबाई म्हणतात, रात्री कानांवरून फडकं बांधा, बसतील. ह्यांचे कानही तसेच. ते म्हणतात, माझं काय अडलं? ह्यांनी मात्र कॉलेजपासून केस कधी बारीक कापले नाहीत. नणंद चोवीस वर्षांची, तिलाही तेच कान. मागच्या महिन्यात बघायला आलेल्यांपैकी एक बाई कानांवरून बोलल्या, तेव्हापासून सासूबाईंचं सुरू आहे की दोघांच्या कानांचं ऑपरेशन एकदमच करून टाकू. त्यांची स्वतःची उजव्या कानाची पाळी कुड्यांनी फाटली आहे, तीही त्याच फेरीत शिवून घेऊ म्हणतात. ऐकू येण्यावर परिणाम होतो का? वय बरोबर आहे का? मी काय करू?'

ताई, एका घरातले तीन कान आणि तीन वेगळे प्रश्न आहेत. सासूबाईंनी त्यांची एक मोट बांधली आहे, ती आधी सोडू. तिघांना एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे नेऊ नका, एवढं तर आत्ताच सांगते.

मुलापासून सुरुवात करू.

त्याच्या कानात दोष असा काही नाही. आरशात स्वतःचा कान पाहा. बाहेरची कडा दिसेल आणि तिच्या आत, तिला समांतर, कूर्चेची, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक गाभ्याची, आणखी एक घडी दिसेल. ही आतली घडी जन्मतः नीट पडली नाही, की कान सपाट राहून पुढे कलतो. काही जणांत कानाची वाटी, म्हणजे भोकाभोवतीचा खोलगट भाग, जास्त खोल असतो आणि तो सगळा कानच डोक्यापासून दूर ढकलतो. बऱ्याच जणांत दोन्ही गोष्टी असतात. कानाची कडा डोक्यापासून साधारण 2 सेंटीमीटरहून जास्त लांब असेल, तर आम्ही त्याला बाहेर आलेला कान म्हणतो. हे घराण्यात चालत येतं, तुमच्याकडे तर पुरावा जेवायच्या पंगतीलाच बसलेला आहे. ऐकण्याशी याचा काही संबंध नाही. ऐकण्याचं यंत्र आत, हाडाच्या पोकळीत असतं आणि ऑपरेशनमध्ये तिथे कुणी हात लावत नाही. (जन्मतःच कान अगदी लहान किंवा अर्धवट असणं ही निराळी गोष्ट. तिथे ऐकण्याची तपासणी पहिल्यांदा करतात आणि कान बरगडीच्या कूर्चेपासून घडवावा लागतो. तुमच्या मुलाचं तसं नाही.)

आता फडक्याचं. सासूबाईंना हसू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त वेळ निघून गेली. बाळ जन्मतं तेव्हा आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे त्याच्या कानाची कूर्चा मऊ असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत छोटा साचा किंवा पट्टी लावून कान हव्या त्या आकारात बसवता येतो, पुढे काही आठवडे तो तसाच धरून ठेवायचा. दीड महिन्यानंतर कूर्चा ताठ होत जाते आणि साच्याचा उपयोग फारसा राहत नाही. साडेसात वर्षांच्या मुलाला रात्रभर डोकं बांधून झोपवलं, तर घाम येईल, कानामागे पुरळ उठेल आणि सकाळी कान होते तिथेच असतील. हे बाळंतिणीच्या खोलीतलं काम. उद्या नणंदेला बाळ झालं तर मात्र पहिल्याच आठवड्यात त्याचे कान डॉक्टरांना दाखवा. तुमच्या घरातलं कुणाचं तरी ऑपरेशन त्याने वाचेल.

वय बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंत. पाच-सहा वर्षांपर्यंत कानाची वाढ पुष्कळशी झालेली असते, म्हणून त्याआधी सहसा कुणी हे ऑपरेशन करत नाही. साडेसात वर्षं हे चालणारं वय आहे. पण बारा चालतं, सतराही चालतं, पस्तीसही. 'आत्ता नाही केलं तर उशीर होईल' असं कुठल्या क्लिनिकमध्ये ऐकायला मिळालं, तर चहा पिऊन निघून या. थांबल्याने कान बिघडत नाही. थांबायचं की नाही हे मुलाला होणारा त्रास किती आणि त्याचं स्वतःचं म्हणणं काय, एवढ्यावरच ठरवायचं.

हे म्हणणं कुणी विचारलंय का त्याला? तुमच्या चार पानी पत्रात आजीचं मत आहे, बाबांचं आहे, आत्याचं आहे, सरांचा खोडसाळपणा आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. टोपी घालतो एवढंच आहे. टोपी म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे, हे खरं. पण काय सांगतो आहे? 'माझे कान बदला' की 'मला चिडवणं थांबवा'? दोन्हीची औषधं वेगळी आहेत. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा मी आईबाबांना गप्प बसवून मुलालाच विचारते, तू कशाला आलास? 'आईने आणलं' असं उत्तर आलं की मी तारीख देत नाही. 'मला हे नको आहेत' असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारं सात वर्षांचं मूल पट्टीसुद्धा न ओढता सांभाळतं, हे मी पाहत आले आहे. ज्याला ढकलत आणलेलं असतं ते पहिल्याच रात्री पट्टी उपसतं.

त्याच्याशी बोलायला तुम्ही बसू नका, यजमानांना बसवा. माझं काय अडलं म्हणणाऱ्या माणसाने वीस वर्षं केस बारीक कापले नाहीत, ही ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि पत्रातली सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. त्यांचं अडलं होतं. त्यांनी त्यावर केसांचा तोडगा काढला आणि तो गाजावाजा न करता निभावला. हे त्यांनी लेकाला सांगावं. 'मलाही चिडवायचे, मला राग यायचा, मी असं असं केलं.' एवढं बापाने बोललेलं मुलाला आमच्या दहा समजावण्यांहून जास्त कळतं. मग पुढे विचारावं, 'तुला काय करावंसं वाटतं?' ऑपरेशन हा शब्द पहिल्या दिवशी काढायची गरज नाही. आणि नोटेवरचे गांधीजी किंवा शूर्पकर्ण गणपती दाखवून 'बघ, मोठ्या माणसांचे कान असेच असतात' हा प्रयोग प्रत्येक घरात झालेला असतो. त्याने मुलाचं समाधान होत नाही. वर्गात त्याच्याशेजारी गांधीजी बसत नाहीत.

शाळेकडे मात्र लगेच जा, ऑपरेशन होवो न होवो. मुलं चिडवतात ते वर्गशिक्षिकेला सांगून हाताळता येतं. पण सरांनी कान ओढणं ही गंमत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला बंदी आहे. भांडायला जाऊ नका, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. याला आणखी एक कारण आहे. पुढे ऑपरेशन झालंच, तर पहिले काही महिने तो कान कुणी ओढता कामा नये. आतल्या टाक्यांवर ताण येऊन सगळं काम वाया जाईल.

समजा बोलणं झालं, मुलगा हो म्हणाला, तोच म्हणाला. मग काय होतं ते सांगते, म्हणजे सल्ला घ्यायला जाताना तुम्ही कोऱ्या नसाल.

लहान मुलाला पूर्ण भूल देतात. चीर कानाच्या मागच्या बाजूला, जिथे कान डोक्याला मिळतो त्या खाचेत असते, म्हणून व्रण सहसा दिसत नाही. आतल्या कूर्चेला कायमचे टाके घालून, कागदाला बोटाने घडी पाडावी तशी ती राहून गेलेली घडी पाडतात. ही टाक्यांची पद्धत मस्टार्डे या सर्जननी 1963 मध्ये मांडली. खोल वाटी मागे ओढून डोक्याच्या बाजूला बांधायची पद्धत फर्नास यांची, 1968 ची. आजही बहुतेक ठिकाणी या दोन्हींचंच काही ना काही मिश्रण करतात. दोन्ही कानांना मिळून साधारण दीड-दोन तास लागतात. भूल असल्यामुळे सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. त्यासाठी डॉक्टरांची मनधरणी करू नका, उलट ते 'चालेल हो' म्हणाले तर तुम्हीच थांबा. आणि लहान मुलांना नेहमी भूल देणारे भूलतज्ज्ञ असावेत, हे आवर्जून विचारा.

नंतर डोक्याभोवती जाड पट्टी असते, ती काही दिवसांनी, फार तर आठवड्याने काढतात. त्यापुढे महिना-दीड महिना रात्री झोपताना कानांवर रुंद बँड, खेळाडू कपाळाला लावतात तसला. शाळेत आठ-दहा दिवसांनी जाता येतं. कबड्डी, कुस्ती, पोहणं, धक्काबुक्की हे सगळं डॉक्टर मोकळीक देईपर्यंत बंद, म्हणजे साधारण दीड-दोन महिने. बरेच पालक मे महिन्याची सुट्टी धरतात. कराडच्या मेमध्ये डोक्याला पट्टी बांधून मूल बसवायचं, याचा विचार करा. दिवाळीची सुट्टी मला जास्त बरी वाटते. फक्त ऑपरेशन सुट्टीच्या पहिल्या दिवशी करा आणि फटाक्यांच्या गर्दीत त्याला पाठवू नका.

आता ही गोष्ट नीट वाचा, हवं तर कापून ठेवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात वाढत जाणारी कळ आली, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करून दवाखान्यात जा. पट्टीखाली रक्त साकळलेलं असू शकतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. मध्ये रक्त साकळलं की ते पोषण तुटतं, कूर्चा मरते आणि कान आक्रसून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो. तुमच्या भागात हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. तालमीतल्या जुन्या पैलवानांचे कान पाहा, मार लागून, चोळवटून, रक्त साकळून तसे झालेले असतात. वेळेवर पट्टी उघडून रक्त काढलं तर कान वाचतो.

बाकीचे धोके याहून सौम्य आहेत, पण आहेत. जंतुसंसर्ग होऊ शकतो. कानामागचा भाग काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतो. आतला टाका वर्षभराने त्वचेतून डोकावू शकतो. कान काही प्रमाणात पुन्हा पुढे येऊ शकतो आणि थोड्या जणांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं. आणि दोन्ही कान तंतोतंत सारखे होत नाहीत. आताही कुणाचे नसतात. घरात कुणाला जखमेवर जाड, वाढत जाणारा वण, म्हणजे केलॉइड, येतो का हे आधीच सांगा. कान टोचलेल्या जागी गाठ आलेली आत्या-मावशी असेल तर तेही. आपल्या त्वचेत हे प्रमाण बरंच आहे आणि ते दडवून फायदा नाही.

डॉक्टर कोण? एम.एस. जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेले. कान-नाक-घसा तज्ज्ञही हे ऑपरेशन करतात, पण त्यांनी अशी ऑपरेशनं नियमित केलेली असावीत. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच पाटीवर असेल तर पुढे विचारा, खालची पदवी काय? पुण्यात ससून आणि मुंबईत केईएम ही सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं आहेत, तिथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. तारीख मिळायला वेळ लागला तर लागू द्या, घाई नाहीच आहे. खासगीत खर्च विचाराल तेव्हा सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं, पट्ट्या आणि पुन्हा करावं लागलं तर त्याचं काय, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. जीएसटीतून आरोग्यसेवेला सूट असली तरी सौंदर्यशस्त्रक्रियेला ती नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात दुरुस्त करायचा असेल तर आहे. तुमच्या मुलाचं बिल कशात धरणार, हे आधी विचारलेलं बरं, 18 टक्क्यांचा फरक पडतो.

नणंदबाईंचं आता. हे पत्र त्यांनी लिहायला हवं होतं. त्या सज्ञान आहेत, आणि डॉक्टरांकडे जातील तेव्हा खोलीत त्या एकट्या असाव्यात, सासूबाई बाहेर बाकावर. ऑपरेशन म्हणून सांगायचं तर मोठ्या माणसाचं काम थोडं सोपं आहे. कानापुरती भूल आणि गुंगीचं औषध देऊन होतं, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. कूर्चा मात्र या वयात ताठ झालेली असते, म्हणून नुसत्या टाक्यांनी भागलं नाही तर ती मागून थोडी खरवडून किंवा कापून नरम करावी लागते. स्कूटीवरचं हेल्मेट काही आठवडे नको, कारण ते काढताना कान पुढे ओढले जातात.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. त्यांना एकच विचारा: हे स्थळ उद्या मोडलं, तरी करशील? शाळेपासून त्या आरशासमोर कान दाबून पाहत आल्या असतील, स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला टाकत असतील, तर जरूर करू द्या, लग्नाचं आणि त्याचं काही देणंघेणं नाही. मात्र आजवर अंबाडा घालून, झुमके लटकवून मिरवणाऱ्या मुलीला एका बाईच्या तोंडून गेलेल्या शब्दानंतर अचानक कान नकोसे झाले असतील, तर सहा महिने थांबा. त्या बाई कानांवर बोलल्या, पुढे सून म्हणून नेल्यावर रंगावर बोलतील, भाकरीच्या आकारावर बोलतील. त्यांच्या समाधानासाठी सुरीखाली झोपायचं म्हटलं तर यादी संपणार नाही. हे माझं मत झालं, वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नका. वैद्यकीय सल्ला एवढाच की करायचंच ठरलं तर लग्नाच्या निदान तीन महिने आधी. त्याहून उशिरा केलं तर लग्नात जड दागिने, हेअर ड्रायर, पार्लरमधली ओढाताण हे सगळं जमेनासं होतं.

सासूबाईंच्या पाळीचं काम तिघांतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुनं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय याच विषयाचा आहे. कान कसे टोचावेत आणि फाटलेली, ताणलेली पाळी कशी सांधावी. तिथे सांधण्याच्या पंधरा पद्धती नावानिशी दिल्या आहेत. आज जागेवरच बधिर करून फाटीच्या दोन्ही कडा ताज्या करतात आणि शिवतात, अर्ध्या तासाचं काम. टाके साधारण आठवड्याने काढतात. यासाठी त्यांना पुण्याला न्यायची गरज नाही, कराडातही होईल. नातवाच्या ऑपरेशनशी त्याची गाठ घालण्याचं तर काहीच कारण नाही. मधुमेह किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगायला लावा, गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका.

एक मात्र बजावून सांगा. बिनटाक्याची पाळी जोडून देतो म्हणून पार्लरमध्ये फाटीवर आम्लासारखा द्रव लावतात, तिकडे जायचं नाही. त्याने कातडी भाजते, फाट वरवर चिकटते आणि पहिल्या जड दागिन्याला पुन्हा उसवते. शिवल्यावर तीन महिने तिथे काही घालायचं नाही. मग नवं भोक व्रणावर न पाडता त्याच्या बाजूला पाडायचं, आणि हे सोनाराला टोचण्याआधी सांगायचं. रोजच्याला हलकी कुडी. सणाला जड कानातलीच हवी असतील, तर कानामागून वेल लावून वजन केसांवर घ्यावं आणि रात्री झोपताना काढून ठेवावीत.